वीस मीटर ऐंशी

गच्ची मोजली. कठड्यापासून टाकीपर्यंत साडेतेरा मीटर.
चाळीस मीटरची अर्धी लाटही मावेना.
चार रात्री वहीत नुसत्या रेघा:
मधोमध तोडून पंख्यासारख्या फाकणाऱ्या तारा
(सोसायटी म्हणेल, गच्चीवर दोऱ्या तुमच्याच का),
ट्रॅपवाली, जिची वेटोळी पावसाळ्यात रुसून बसतात,
शिडीसारखा फीडर जोडलेली, तिला खांब हवेत दोन.
शेवटी ठरलं: एकाच टोकाने जोडायची,
लांबलचक, एकटी.
टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं मी जोड्याच मोजल्या,
दोन तारा, कायम दोन.
एकीवर भागतं हे पटायला वेळ लागला.

बुधवार पेठेत फेराइटचं कडं मिळालं, बांगडीएवढं.
दुकानदार म्हणाला, बाई, नातवाच्या प्रोजेक्टला का?
मी म्हटलं, हो.
त्यावर दोन वेढे, मग चौदा वेढे.
सातपट. साताचा वर्ग एकोणपन्नास.
कडं बसवलं लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत;
तीनदा विसळली तरी झाकण काढलं की
अजून तोंडाला पाणी सुटतं.

एकाच तारेवर चार बँड कसे, तन्मयीने विचारलं.
वाळत घालायची दोरी बघ, म्हटलं.
एक चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत,
नाहीतर दोन पंचे, तीन सदरे, चार झबली.
दोरी तीच. फक्त कडेला
अर्धं कापड लोंबलेलं चालत नाही.

तन्मयी समोरच्या बंगल्यातली, लोकरेबाईंची नात.
त्यांच्या फाटकाशी मी एकदा स्कूटर लावली होती,
सात वर्षांपूर्वी, अकरा मिनिटं.
तेव्हापासून बोलणं बंद,
आणि त्यांचं बुचाचं झाड सहकारनगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांत उंच.
परवानगी तन्मयीनेच आणली:
आजी म्हणते, फांदी मोडली तर बघा.
चेंडूला सुतळी बांधून फेकलाही तिनेच.
पहिला गटारात, दुसरा माझ्या तुळशीत,
तिसरा फांदीवरून पलीकडे.

निळी तार, तपकीर गल्लीतली, वीस मीटर ऐंशी.
मुद्दाम लांब. कमी करता येतं.
पहिलं माप सहा पॉइंट सत्त्याऐंशी. खाली.
पक्कड हातात होती, तरी कापली नाही.
बासष्ट सेंटिमीटर दुमडून स्वतःभोवतीच गुंडाळली.
सात पॉइंट शून्य आठ. एसडब्ल्यूआर दीडच्या आत.
वीसवर सव्वा. पंधरावर पावणेदोन.
दहावर अडीच, आणि अडीचच.
बरणी हलवली, केबल हलवली,
मीही जागा बदलून पाहिली.

रात्री साडेनऊ. लिफ्ट वर येते तेव्हा
सगळा बँड फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो.
लिफ्ट थांबली. किल्लीवर हाक दिली,
आणि त्या खरखरीच्या तळातून एक संथ हात उमटला. इंदूर.
पंच्याहत्तरीचे असावेत, डॅश जरा जास्तच ओढत होते.
अँटेना कोणती, विचारलं.
ठोकलं: तार एक. एक टोक टाकीला, एक झाडाला.
झाड तुमचं?
शेजाऱ्यांचं, हे ठोकायला फार अक्षरं लागतात.
सगळी ठोकली.

समोरच्या गॅलरीत दिवा लागला.
"लागलं का कोणी?"
सात वर्षांत आवाज थोडा बसलाय.
"इंदूर."
"माझी मावसबहीण असते तिथे. सराफ्यात. कशी आहे विचारा ना."
असे निरोप न्यायला परवानगी नसते, नियम आहे,
हे सांगायला तोंड उघडलं
आणि म्हणाले भलतंच:
"तुमच्याकडच्या टोकाला हात लावू नका हं. चटका बसतो."
"आणि मधे?"
"मधे गल्ली आहे."

त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही.
कानात इंदूर अजून थांबलेलं,
दोन डॉट, दोन डॅश, दोन डॉट:
प्रश्नचिन्ह.